वडिलांना तक्ता पाठ होता

दिवा लागलाच नव्हता. तिनं नेहमीसारखा खोलीतला दिवा मालवला, मागे न बघता हात नेऊन तक्त्याच्या पेटीचं बटण दाबलं, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात वडिलांच्या नाकावर चाचणीची जड चौकट बसवली, डाव्या डोळ्यावर काळी चकती टाकली आणि म्हणाली, "हं बाबा, वाचा." वडिलांनी घसा साफ केला. "प," ते म्हणाले. मग "र, ग." मग "म, ट, ल." जिना उतरावा तसे बेताबेतानं एकेक ओळ उतरत ते सातव्या ओळीपाशी आले, तिथं जरा थांबले, "ही बारीक आहे हं," असं म्हणून आधीच कौतुक मागून घेतलं, आणि गव्हाच्या दाण्याएवढी ती अक्षरंही घडाघडा म्हणून दाखवली. "शाबास!" ती म्हणाली. चकती काढायला वाकली आणि वाकताना सहज मागे पाहिलं. भिंतीवरची पेटी काळीठिक्कर होती.

मनाची चपळाई काय सांगावी! बल्ब आत्ताच गेला असेल, या क्षणी, 'शाबास' म्हणता म्हणता, असं तिनं स्वतःला सांगूनही टाकलं. पण पेटी लागली की तिचा एक बारीक गुणगुणता आवाज येतो, आणि तो आज आलाच नव्हता, हे आता तिच्या कानांनीच तिला सांगितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथं दिवाच नव्हता, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं त्या अंधारातून सात ओळी वाचल्या होत्या. वडील खुर्चीत मान ताठ करून, गुडघ्यांवर पंजे ठेवून बसले होते. "काय मॅडम," ते म्हणाले, "याही खेपेला पास ना? महिन्यावर मतदान आलंय. चिन्ह दिसायला हवं." खोलीतला दिवा लावून ती त्यांच्या अगदी समोर उभी राहिली, दोन बोटं वर धरली आणि म्हणाली, "किती?" वडिलांनी मान किंचित वाकडी केली, कोंबडी बघते तशी, कडेनं. "दोन. काय पोरखेळ लावलायस?" "माझ्याकडे सरळ बघून सांगा." वडील सरळ झाले. त्यांची नजर तिच्या तोंडावर आली आणि तिथून आरपार निघून गेली. "सरळ बघितलं ना," ते म्हणाले, "की तू पुसली जातेस गं."

तो तक्ता वडिलांनीच रंगवलेला. चोवीस वर्षांपूर्वी तिनं हे चष्म्याचं दुकान काढलं तेव्हा ती छापील तक्ता आणायला निघाली होती, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. पेंटरच्या पोरीच्या दुकानात छापील अक्षरं? लोक शेण घालतील तोंडात! मग तिनं मापं काढून दिली, कुठली ओळ किती उंचीची, दोन अक्षरांत अंतर किती, आणि वडील अकरा दिवस दुधी काचेपुढे बसले. दुकानांच्या पाट्या आणि गावभरच्या भिंती रंगवणारा माणूस, बोटभर उंचीचं अक्षर त्याच्या लेखी मुंगी, पण शेवटची ओळ त्यांनी चार केसांच्या कुंचल्यानं श्वास रोखून काढली आणि संध्याकाळी आईला म्हणाले, "एवढं बारीक काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि वाचणारे म्हणणार, दिसत नाही!" आई हसून हसून बेजार झाली होती. आपल्या हातानं काढलेलं अक्षर रंगारी विसरत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळावं. आणि ही जगाचे डोळे तपासणारी बाई बापाला दर सहा महिन्यांनी त्याच्याच तक्त्यासमोर बसवून वाचायला लावत होती. गेल्या दोन वर्षांत चार वेळा. अशी चूक कुणाकडूनही झाली नसती. तिला असाच बाप लागतो आणि अशीच लेक.

खरं म्हणजे तिच्या धंद्याची पहिली शिकवण हीच होती. माणूस खुर्चीत बसतो, तुम्ही एक भिंग घालता, मग दुसरं, आणि विचारता, "हे बरं, की हे?" आणि माणूस काय दिसतं ते सांगत नाही, तुम्हाला काय ऐकायचंय ते सांगतो. मोठमोठी माणसं, अधिकारी, मास्तर, पण त्या खुर्चीत बसलं की सगळ्यांची पोरं होतात. तुमच्या आवाजाचा उतार हुंगतात. 'की हे?' म्हणताना तुम्ही तिळभर उजवीकडे झुकलात, की म्हणालेच, "हे, हे दुसरं, छान!" सरकारी दवाखान्यात तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई सांगायच्या, भिंग बदलताना श्वाससुद्धा एकसारखा घे, नाहीतर तुझा नंबर त्याच्या डोळ्यावर जाईल. चोवीस वर्षं ती एकसारखा श्वास घेत होती. फक्त वडिलांच्या वेळी नाही. वडिलांच्या वेळी पहिल्या ओळीलाच तिचा आवाज खुलायचा.

मोठ्या डॉक्टरांनी यंत्रातून आलेली चित्रं दाखवली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. कडा शाबूत, मध्यावर डाग. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर इंजेक्शनं देऊन थांबवता आलं असतं, आता जे गेलं ते गेलं, ते म्हणाले. ते तिला ओळखत होते, म्हणून पुढचं बोलले नाहीत, आणि ते न बोललेलंच तिला जास्त लागलं. रिक्षात वडीलच तिची समजूत घालत होते. "अगं, चालता येतं, चहा ओतता येतो, माणसाची चाल ओळखू येते. तोंडं दिसत नाहीत एवढंच. या वयात कुणाची तोंडं बघायचीत?" ती फटकन म्हणाली, "माझं." त्यांच्या घरी आल्यावर तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, चहा ठेवला, आणि ओट्याकडे तोंड करूनच विचारलं, कारण तसं विचारणं सोपं होतं, "का केलंत असं बाबा? दिसत नव्हतं तर सांगायचं ना." वडील गुडघे चोळत म्हणाले, "पहिल्या खेपेला खरंच चुकून झालं. पाचव्या ओळीनंतर नुसती धूळ होती, पण तोंडानं आपोआप म्हटलं. आणि तू एवढ्या आनंदानं शाबास म्हणालीस! तुझी आई गेल्यापासून तुझा तसा आवाज ऐकलाच नव्हता. मग पुढच्या खेपेला वाटलं, कशाला मोडा पोरीचा आनंद." चहा उतू गेला. तिनं तो जाऊ दिला.

शाबास. तिला आठवलं ते विहिरीत पडलेल्या पोहऱ्यासारखं कुठं खोल बसलेलं नव्हतं, अगदी वरच होतं, हात घालताच लागलं. ती चार वर्षांची, वडील रंगाच्या डब्यांच्या मधोमध बसलेले, घरभर टर्पेंटाइनचा वास. त्यांनी दोन पुठ्ठे वर धरायचे, एकावर शिडी, एकावर किल्ली. दोनच पक्ष होते जगात. "आपली कुठली?" ते विचारायचे, आणि विचारताना शिडीचा हात बोटभर पुढे यायचा. "शिई!" ती ओरडायची. "शाबास!" आणि ती उचलली जायची, थेट छताजवळ, त्यांच्या मानेवर, तिथून घर निराळंच दिसायचं. शिडी म्हणजे काय, कुणाची, कुणाला कुठं चढवणार, काही माहीत नव्हतं. माहीत होतं एवढंच, की या शब्दावर बाबा उचलून घेतात. आणि बाबांना तरी कुठं फार माहीत होतं? त्यांचे वडील हमाल, शिडीवाल्यांनी कधीकाळी हमालांची युनियन बांधली, तेव्हापासून घर शिडीचं. निवडणूक आली की वडील दुकानांची कामं बाजूला ठेवून महिनाभर भिंतींवर शिड्या काढायचे. शिडीवर चढून शिडी काढणारा माणूस म्हणून सगळे त्यांची थट्टा करायचे. एकदा तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडले, पाय तीन महिने प्लॅस्टरमध्ये, पक्षाचं काळं कुत्रं चौकशीला आलं नाही. आई म्हणाली, "सगळ्यांना वर नेते म्हणे तुमची शिडी, तुम्हाला तेवढं खाली आणलं." वडील प्लॅस्टरवर पेन्सिलीनं शिडी काढत होते. त्यांना राग आला नाही. राग यायला आधी दोन गोष्टी वेगळ्या वाटाव्या लागतात, पक्ष आणि आपण. त्यांना त्या कधी वेगळ्या वाटल्याच नाहीत.

आणि स्वैपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला त्या तिघांच्या शिड्या होत्या. ही घरची रीत वडिलांनीच पाडलेली. दाराच्या आतल्या अंगाला त्यांनी ऑइलपेंटनं तीन जोड्या उभ्या रेघा ओढल्या होत्या, एक त्यांची, एक आईची, एक तिची, आणि मत देऊन आलं की ज्यानं त्यानं आपल्या हातानं एक पायरी वाढवायची. लहानपणी ती खडूनं काढायची, मोठी झाल्यावर रंगानं. पहिली खरी पायरी काढली तेव्हा अठराची होती. वडिलांनी तिच्या हातात स्वतःचा चपटा कुंचला दिला. आईची शिडी नवव्या पायरीवर थांबली. वडिलांची वरच्या बिजागरीला टेकत आली होती. तिच्या सात पायऱ्या होत्या. त्यातल्या चार खऱ्या.

तीन खोट्या, हे वाक्य ती मनातल्या मनातसुद्धा पुरतं म्हणत नसे. पंधरा वर्षांपूर्वी शिडीवाल्यांनी सरकारी दवाखान्यातला डोळ्यांचा विभाग बंद केला. तिथंच ती शिकली होती, तिथंच डॉक्टरीणबाई चाळीस वर्षं एकसारखा श्वास घेत बसल्या होत्या. बंद दारासमोर पहाटेपासून रांग लावून बसलेली म्हातारी माणसं तिनं डोळ्यांनी बघितली; त्यातली एक बाई दाराला हात लावून विचारत होती, उघडलं का, उघडलं का, आणि तिला कुणी सांगत नव्हतं. संध्याकाळी तिनं वडिलांना हे सांगितलं. वडील म्हणाले, "वरच्यांनी काही विचार करूनच केलं असेल." एवढंच. त्या वर्षी ती मतदानाला गेली, पडद्याआड उभी राहिली, आणि तिचा हात आपोआप शिडीकडे गेला. पाठ झालेला हात! तो तिनं अक्षरशः दुसऱ्या हातानं धरून बाजूला ओढला आणि किल्लीपुढं फुली मारली. बाहेर आली तेव्हा घामानं चिंब. घरी वडील कुंचला बुडवून वाट बघत उभे. "झालं?" "झालं." आणि तिनं पायरी काढली. सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर तो मानेवर उचलून घेणारा आनंद होता, आणि कशाला मोडा म्हाताऱ्याचा आनंद. दर खेपेला वाटायचं, या खेपेला सांगू. दर खेपेला एक पायरी वाढली.

म्हणजे हिशेब सरळ होता. वडिलांनी तिला चार वेळा न दिसणारा तक्ता वाचून दाखवला, तिनं वडिलांना तीन वेळा. फरक एवढाच, की तिच्या खोट्यानं कुणाचे डोळे गेले नव्हते. की गेले होते? एकमेकांना बरं वाटावं म्हणून बोलायची सवय या घराला लावली कुणी आणि लागली कुणाला, हे आता कोण सांगणार. त्याच आठवड्यात तिच्या लेकीचा फोन आला. लेक लांबच्या शहरात शिकत होती, यंदा तिचं पहिलं मत. "आई, मी किल्लीलाच देणारे. तुझ्यासारखंच. आजोबांना सांगत नाही, घाबरू नकोस," ती हसत म्हणाली. आणि ही म्हणाली, "शाबास!" शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःच्या आवाजातला उतार ऐकू आला, लख्ख, बोटभर पुढे आलेला हात दिसावा तसा. लेकीला किल्ली कधी दिली तिनं? भाजी निवडताना, बातम्या बघताना, नाक मुरडून, सुस्कारे टाकून, आणि वर 'आजोबांना सांगू नकोस' ही बेडी. "ऐक," ती घाईघाईनं म्हणाली, "तू आपलं तुझं बघ हं. माझ्याकडे बघून नको." पलीकडे लेक गोंधळली. "अगं, आत्ताच तर शाबास म्हणालीस!" काय बोलणार? कप्पाळ.

मतदानाच्या आदल्या रविवारी वडिलांनी विषय काढला. ते खिडकीशी बसून बाहेरच्या माणसांच्या चाली ओळखत होते, हा पोस्टमन, ही वरच्या मजल्यावरची शिंपीण. "चिठ्ठीवरची चिन्हं मला दिसायची नाहीत," ते बाहेरच बघत म्हणाले. "चौकशी केली मी. सोबत एक माणूस नेता येतो, तो फुली मारतो. तू येशील?" "येईन की," ती म्हणाली. तिला लगेच कळलं, की त्यांचं मत आता तिच्या हातात येणार. साठ वर्षांत ज्यानं एक पायरी चुकवली नाही, त्याचं मत, आणि ते देणार ती, जिनं तीन खोट्या काढल्या. तिनं कुठंही फुली मारली असती तरी त्यांना दिसणार नव्हती. तसं करायचा विचार तिच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. आला, एक रात्र राहिला, आणि सकाळी तिनं त्याला झाडून काढलं. पण दुसरी गोष्ट झाडून जाईना. त्यांचा हात धरून त्या पडद्याआड जायचं, तर आधी सांगायला हवं होतं. न सांगता जाणं म्हणजे पेटीचा दिवा न लावता, वाचा म्हणणं. तिनं ठरवलं, जाताना रस्त्यात सांगायचं.

रस्त्यात ती म्हणाली, "बाबा, पायरी आहे." मग म्हणाली, "बाबा, डावीकडे सायकल आहे." मतदान शाळेत होतं, तिथवर पाऊण मैल, आणि पाऊण मैलात तिनं वडिलांना सायकली, खड्डे, एक झोपलेलं कुत्रं आणि शाळेचं फाटक एवढं सगळं सांगितलं. वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी स्वतः केली होती, हनुवटीखाली एक रेघ राहून गेली होती. रांगेत लोकांनी त्यांना पुढे जायला सांगितलं, तर म्हणाले, "डोळे गेलेत, पाय नाही." टेबलामागच्या अधिकाऱ्यानं तिच्यापुढं एक कागद सरकवला, सोबतीनं सही करायची: मतदार सांगेल तिथंच फुली मारीन आणि ती कुठं मारली हे कुणाला सांगणार नाही. "आधी यांचं उरका, मग तुमचं वेगळं," तो म्हणाला. तिनं सही केली. सही करताना तिला वाटलं, असला कागद मूल जन्मल्यावरच आईबापांकडून लिहून घ्यायला हवा.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघांना उभं राहायला जेमतेम जागा होती. वडिलांच्या सदऱ्याला नीळ आणि टर्पेंटाइन यांचा वास होता. धंदा सोडून बारा वर्षं झाली तरी तो वास गेला नव्हता. तिनं चिठ्ठी उलगडली. "वाच," वडील कुजबुजले. "सगळी वाच, वरपासून." आणि तिनं वाचली, तपासणीच्या आवाजात, उतार न देता, चढ न देता, सहाही नावं, सहाही चिन्हं, शिडीवर न रेंगाळता, किल्लीवर घाई न करता. इतकं सरळ तिनं वडिलांपुढं आयुष्यात काही वाचलं नव्हतं. वडील ऐकत होते. मग त्यांनी मान वाकडी केली, कडेच्या डोळ्यानं तिच्याकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाले, "किल्लीपुढं मार."

तिला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?" "किल्ली. तुझी किल्ली गं. मार फुली. तेवढंच तुला बरं वाटेल." त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद होता, सातवी ओळ म्हणून दाखवणारा, शाबासकी मागणारा. त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, कसं, हे विचारायची ती जागा नव्हती, आणि बाहेरून अधिकारी म्हणाला, "ताई, आटपा जरा." एक फुली. मारली असती तर पंधरा वर्षांचं खोटं एका झटक्यात फिटलं असतं, बापलेक एका बाजूला आली असती, आणि तिच्या पक्षाला एक मत मिळालं असतं. सगळं छान झालं असतं. तसंच छान, जसं दोन वर्षं सगळं छान होतं. तिनं वडिलांचा दंड धरला. "बाबा," ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून नका सांगू. पाया पडते तुमच्या. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा." त्यांच्या तोंडावरचा तो आनंद विरघळत गेला, आणि त्याखालून एक थकलेला, जुना, आपल्या मताचा म्हातारा वर आला. त्यांनी एक लांब श्वास सोडला. "शिडी," ते म्हणाले. "मला आपली शिडीच दिसते गं. काय करू?" "काही करू नका," ती म्हणाली, आणि ज्या पक्षानं डॉक्टरीणबाईंच्या दाराला कुलूप लावलं होतं, त्याच्या चिन्हापुढं तिनं एक नीट, सरळ, ठसठशीत फुली मारली. मग त्यांना बाकावर बसवून स्वतःची चिठ्ठी घेतली आणि किल्लीपुढं तशीच मारली. या खेपेला हात कुणीकडेच ओढला नाही.

घरी आल्यावर वडिलांनी जिन्याखालचा डबा काढला, चाकूच्या टोकानं झाकण उघडलं, काडीनं रंग ढवळला. हे सगळं बोटांनीच. बघायची गरज त्यांना पडली नाही. स्वैपाकघराचं दार त्यांनी आत लोटून मागची बाजू पुढे घेतली. स्वतःच्या शिडीवर बोट फिरवत फिरवत शेवटच्या पायरीपर्यंत गेले, अंगठ्यानं अंतर मोजलं, आणि कुंचला टेकवून एका दमात रेघ ओढली. सरळ. ती बघत राहिली. मग ते तिच्या शिडीकडे वळले आणि तिच्या पायऱ्यांवरून खालून वर बोट नेलं. "एक, दोन, तीन, चार," ते म्हणाले. "या हात सोडून मारल्यायस. माझी पोर. आणि ही पाचवी बघ, ही सहावी, सातवी. रंग कमी, हात आवळलेला, शेवटी उचलायची घाई. पाचवी काढलीस ना, त्याच दिवशी कळलं मला. साठ वर्षं रेघा मारतोय, खोटी रेघ ओळखू येत नाही होय?" "मग बोलला का नाहीत?" "तू का नाही बोललीस?" ती त्यांच्या पाठीमागं उभी राहून लहान पोरीसारखी रडली, आणि वडील तिला रडू देत होते, कुंचला खाली ठिबकू नये म्हणून डबा त्याखाली धरून.

"बाबा, आठवी पायरी मी काढणार नाही," तिनं शेवटी सांगून टाकलं. नाक ओढत सांगितलं, पण सांगितलं. "मी किल्लीला दिलं. दवाखाना बंद केला तेव्हापासून." वडिलांनी मान हलवली. "तो दवाखाना," ते म्हणाले, "बंद करायला नको होता त्यांनी. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं." एवढंच म्हणाले, पण या माणसानं शिडीविरुद्ध उच्चारलेलं हे जन्मातलं पहिलं वाक्य होतं, आणि तरीही ते शिडीचेच होते. मग त्यांनी दारावर हात फिरवला. तिच्या शिडीच्या उजव्या बाजूला कोरी जागा होती, ती त्यांनी तळव्यानं चाचपली, पुसली, अंगठ्यानं मापली. कुंचला पुन्हा बुडवला आणि डब्याच्या काठावर निथळला. "चाळीस वर्षांत हजारभर शिड्या काढल्या," ते म्हणाले, "किल्ली एकदासुद्धा नाही. बायको पैजेवर म्हणायची, काढून दाखवा, तरी नाही." त्यांनी हातानं अंदाज घेत एक वाटोळं काढलं, जरा लांबट झालं, त्याच्या खाली एक उभी दांडी ओढली. मग कुंचला वरच्यावर थांबला. "किती दात असतात गं तुमच्या किल्लीला?"

तिनं तोंड उघडलं आणि तिला आठवेना. दोन? तीन? पंधरा वर्षांत चार वेळा तिनं त्या चित्रापुढं फुली मारली होती, तासाभरापूर्वी मारून आली होती, आणि दात किती, कुठल्या बाजूला, तिला सांगता येईना. प्रत्येक वेळी ती शिडीकडेच बघत होती. शिडीवर फुली न मारताना शिडीकडेच. "बाबा," ती ओशाळून म्हणाली, "मी नीट बघितलंच नाही हो." वडिलांचे खांदे हलायला लागले, आणि ते हसले, पोट धरून, आई हसायची तसे बेजार होऊन. "अगं, तू डोळे तपासतेस ना लोकांचे!" तीही हसायला लागली, ओल्या तोंडानंच. वडिलांनी डोळे पुसले, कुंचला फडक्यात गुंडाळला, डब्याचं झाकण चापून बसवलं. "राहू दे," ते म्हणाले. "आज नुसती दांडी. पुढच्या खेपेला नीट बघून ये आणि मला सांग. मी दात काढीन."